हल्ली मुक्काम लोंढे

आमच्या घराण्यात एक गोष्ट चार पिढ्या चालत आलीय. बेळगाव जिल्ह्यातल्या लोंढ्याला पहिली आगगाडी आली, ती म्हणे आमच्या खापरपणजोबांनी चालवत आणली. लग्न असो, बारसं असो, दिवसकार्य असो, पंगत उठली की कुणीतरी ही गोष्ट काढणारच. माझे वडील तर नव्या माणसाची ओळख झाली की पाचव्या मिनिटाला लोंढा जंक्शनवर पोचलेले असायचे.

मला ती कधीच पटली नाही. मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर आयुष्य काढलंय. यंत्र हाताशी यायला काय लागतं ते मला ठाऊक आहे. चंदगडकडचा कुणब्याचा पोर, शाळेचं तोंड न बघितलेला, तो वाफेचं इंजिन चालवणार? शिकवलं कुणी त्याला? पण वडील असेपर्यंत हे बोलायची सोय नव्हती. ते गेल्यावर आणि वर्कशॉप मुलाच्या हाती दिल्यावर मी या मागे लागलो.

खापरपणजोबांचं नाव इथं लिहीत नाही. कारण साधं आहे, आमच्या भाऊबंदांत जमिनीचे दावे अजून चालू आहेत, आणि मी जुनी कागदपत्रं विचारत फिरतोय म्हटल्यावर एका चुलतभावानं तोंडावरच विचारलं, "काय ओ अण्णा, आता वाटणी मागायचा इचार हाय काय?" आपल्याकडे वंशावळ शोधणारा माणूस एक तर कोर्टात जाणार असतो, नाहीतर जातीचा दाखला काढणार असतो. नुसतं माहीत करून घ्यायचंय म्हटलं तर कुणाचा विश्वास बसत नाही.

माझी पुतणी अमेरिकेत ओहायोमध्ये असते. तिची घरमालकीण सत्तरीची, तिचा असाच नाद आहे. मॅरिएटा हे तिकडचं गाव १७८८ सालचं, त्या मुलखातली अमेरिकनांची पहिली कायमची वस्ती. तिथं सुरुवातीला येऊन राहिलेल्यांपैकी एकजण या बाईचा पूर्वज. पुतणीनं व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. तिकडची जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि ७२ वर्षं झाली की नावानिशी लोकांना बघायला खुली होते. १९५० सालची २०२२ मध्ये उघडली. १८५० पासून, गुलाम सोडले तर, घरातल्या प्रत्येकाचं नाव त्यात लिहिलेलं सापडतं, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं. सरकारनं जमीन दिल्याची पत्रं घरबसल्या बघता येतात. आणि वर थडगी आहेत, नाव आणि सालासकट. त्यांचंही सगळं शाबूत नाही म्हणा, १८९० च्या जनगणनेचे कागद आगीत सापडले आणि जवळजवळ सगळे गेले. त्या एका खड्ड्यापायी ती बाई इतकी हळहळत होती, की मला हसूच आलं.

आमच्याकडे मुळातच सगळा खड्डा. जनगणनेत आपली नावं लिहून घेतात, पण ते कागद कायद्यानं कुणालाच बघायला मिळत नाहीत. माणूस गेला की जाळायचा, राख नदीत सोडायची. दगड कुठला आणि साल कुठलं! त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यांच्या नामावळ्या असतात, पण तिथवर जायला घरात पैसा असावा लागतो. आमच्यातलं तेव्हा कुणी मल्लप्रभेच्या पलीकडे तीर्थाला गेलं असेल असं वाटत नाही.

सुरुवात मी लोंढ्यापासूनच केली. खानापूरच्या पुढे गुंजी, मग लोंढा. बाहेरच्या माणसाला ते गाव म्हणजे गाडी बराच वेळ थांबते ते जंगलातलं स्टेशन. एक फाटा अळणावरकडून हुबळीला जातो, दुसरा तिनईघाट, कॅसलरॉक करत गोव्यात उतरतो. आमचं जुनं घर तिथं होतं, आता तिथं दुसऱ्यांचं आहे. त्यांनी बिचाऱ्यांनी चहा दिला, परसात फिरू दिलं. फणसाच्या बुंध्याशी मी वाकून माती उकरत असताना कुंपणापलीकडून एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "काय शोधूलालास रे तिथं?"

शोधत होतो तो रुळाचा तुकडा. हातभर लांब. लहानपणी सुट्टीत गेलो की त्याच्यावर कोयते ठोकलेले मी बघितले होते. तो निम्मा मातीत गेलेला, तिथंच होता. घरवाल्यांना विचारून उद्यमबागेत आणला. रॉकेल ओतून तारेच्या ब्रशनं घासला. रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर कारखान्याचं नाव आणि साल लाटतानाच उमटवलेलं असतं, अक्षरं खोल नसतात, वर उठलेली असतात. गंजानं बरीचशी खाल्लेली. मग पट्टीवर पांढरा खडू आडवा फिरवला, तशी उठलेली अक्षरं पांढरी झाली आणि मागचं लोखंड काळं राहिलं. एस, एम, आर. पुढे बराच भाग सपाट. आणि टोकाला जिथं करवतीनं कापलाय तिथं ८६. व्हर्निअर लावून तळ मोजला, चार इंचसुद्धा भरला नाही. आजच्या ब्रॉडगेजच्या रुळाशेजारी ठेवला तर शाळकरी पोरगा दिसेल.

एस. एम. आर. म्हणजे सदर्न मराठा रेल्वे. ही कंपनी १८८२ मध्ये उभी राहिली. त्याआधी १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला होता, त्यातून गोव्यातलं मुरगावचं बंदर आणि तिथून घाट चढून येणारी रेल्वे ठरली. १८८७ मध्ये बेळगावात रेल्वे आली, १८८८ च्या सुमारास गोव्याकडची लाइन कॅसलरॉकला येऊन भिडली, आणि मधलं लोंढा हे जंगलातलं खेडं जंक्शन झालं. म्हणजे सालाचा मेळ बसत होता. वडील असते तर त्यांनी तो तुकडा देव्हाऱ्यात ठेवला असता. पण त्यातून सिद्ध काहीच होत नव्हतं. लोंढ्यात निम्म्या घरांच्या परसात असा एकेक तुकडा सापडेल.

ड्रायव्हरच्या गोष्टीचा निकाल लावला एका निवृत्त गार्डसाहेबांनी. नव्वदीला टेकलेले, मूळचे गोव्याकडचे ख्रिस्ती, तीन पिढ्या लोंढ्यात रेल्वेत. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाबा, त्या काळात मेन लाइनवर ड्रायव्हर म्हणजे साहेब. गोरा, नाहीतर अँग्लो-इंडियन. तुमच्या आजोबांना इंजिनाच्या पायरीवर पाय ठेवू दिला नसता." मग थोडं थांबून, "पण रेल्वे बांधताना हजारो माणसं लागली. त्यांची यादी कुणी ठेवलीय?"

इथून पुढचं काम चंदगडात होतं.

आमचं मूळ गाव चंदगड भागातलं. आज चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तेव्हा चंदगड त्यातून काढून तिकडे दिलं. त्याआधी ते बेळगाव जिल्ह्यातच होतं. खापरपणजोबांनी गाव सोडलं तेव्हा त्यांनी जिल्हासुद्धा ओलांडला नव्हता. आता त्यांच्या दोन गावांचे दोन कागद काढायचे तर दोन राज्यं, दोन भाषा, दोन ठिकाणचे स्टँप आणि दोन्हीकडचं "साहेब मीटिंगला गेलेत". सीमाप्रश्नावर इथं काही लिहीत नाही, त्यावर बोलायला आमच्याकडे माणसं कमी नाहीत.

गावात धाकट्या भावाचा वंश नांदतोय. वाटणीचा संशय तिथंही आला, पण घरातल्या आक्का समजूतदार. त्यांनी सांगितलं, सुगी झाली की या, हेळवी यायचाय यंदा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हेळवी म्हणजे आपल्या भागातले वंशावळ सांगणारे. बैल घेऊन गावोगाव फिरतात, काही वर्षांनी एकदा आपल्या ठरलेल्या घरी येतात, दारात बसून त्या घराच्या पिढ्या म्हणून दाखवतात. मधल्या काळात कोण जन्मलं, कोण गेलं, ते लिहून घेतात आणि धान्य, कापड, दक्षिणा घेऊन पुढच्या गावाला जातात. तलाठ्याच्या आधीपासूनचं हे दप्तर, आणि अजून चालू आहे.

मी गेलो तेव्हा तो ओट्यावर बसलेला होता. मोटरसायकलवरून आलेला, बैल नव्हता. त्यानं मेणकापडातून वही काढली, पण म्हणताना तिच्याकडे बघितलं नाही. एका सुरात, धापेशिवाय, मूळपुरुषापासून खाली येत गेला. खापरपणजोबांच्या नावाशी आल्यावर त्याच सुरात म्हणाला, तीन भाऊ, थोरला गाडी घेऊन लोंढ्यास गेला, त्याचा वंश तिकडे. आणि लगेच मधल्या भावावर. मी त्याला थांबवलं, परत म्हणायला लावलं. त्याला ते आवडलं नाही, कारण मधे तोडलं की पुन्हा वरून सुरुवात करावी लागते. पण त्यानं केली, आणि परत तेच आलं. गाडी घेऊन.

चालवत आणली म्हणतात ती गाडी ही होती. बैलांची.

आक्कांनी मग माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. त्यात एक गहाणखत होतं. स्टँपचा कागद, वर व्हिक्टोरिया राणीचं मुंडकं, खाली बोरूनं लिहिलेली मोडी. घडीवर चार ठिकाणी फाटलेला. मला मोडी येत नाही. वाचणारे आता महाग झालेत. २०२३ पासून महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांच्या दारात रांगा असतात. बेळगावातल्या एका ओळखीच्या निवृत्त शिक्षकांनी माझ्याकडून पैसे न घेता वाचून दिलं. चष्मा कपाळावर, कागद नाकाला लावून, एकेक ओळ.

सन १८८६ इसवी. लिहून देणार म्हणजे आमचे खापरपणजोबा, वय वर्षे सुमारे ३०, धंदा भाड्याची गाडी, राहणार मूळ गाव, हल्ली मुक्काम लोंढे, तालुके खानापूर. कारणे लिहून देतो की बैलजोडी व गाडी खरेदीकरिता आपणापासून रोख रुपये १५० घेतले. त्याबद्दल आपल्या हिश्श्याची शेतजमीन ताबेगहाण. म्हणजे व्याज द्यायचं नाही, त्याऐवजी जमीन सावकारानं करायची आणि पीक त्यानंच खायचं, मुद्दल फेडेपर्यंत. खाली सही नाही. नांगराची आकृती काढलेली, एक उभी रेघ, एक तिरकी, पुढे फाळाचं टोक, आणि बाजूला लिहिणाऱ्यानं लिहिलंय, निशाणी नांगराची. नांगर काढून त्यांनी जमीन दिली आणि गाडी घेतली. शिक्षक हे वाचून काहीच बोलले नाहीत, पण त्यांनी तो नांगर बोटानं दाखवला.

माझ्या डोक्यात तिथून गणित सुरू झालं. "बैलजोडी व गाडी खरेदीकरिता" म्हणतोय आणि धंदा आधीच "भाड्याची गाडी" आहे. म्हणजे ही दुसरी गाडी. एक असताना दुसरी घ्यायला कुणी जमीन गहाण टाकतो, तेव्हा त्याला काम दिसत असतं.

पहिली गाडी कुठल्या वाटेवर चालत होती, याचा अंदाज कठीण नाही. रेल्वे येण्याआधी बेळगावचं बंदर म्हणजे वेंगुर्ला. चंदगडचा मुलूख त्याच वाटेवर. हुबळी-धारवाड, बेळगावकडचा कापूस खाली जायचा, वर मीठ, नारळ, सुकी मासळी, बंदरात उतरलेला परदेशी माल यायचा. आधी रामघाट होता, तो खडा. पुढे इंग्रजांनी आंबोलीचा घाट गाड्यांजोगा केला. बेळगाव ते वेंगुर्ला सुमारे १२० किलोमीटर, भरल्या गाडीला एका बाजूचे पाच-सहा दिवस. घाट उतरताना चाकाला ओंडका आवळून बांधायचा, नाहीतर ओझं बैलांच्या मानेवर येतं. १८८४ चं बेळगावचं गॅझेटिअर वाचा, त्यात या रस्त्यांचं, घाटांचं, बाजारांचं वर्णन आहे. ते छापून बाहेर पडलं तेव्हाच या वाटेचा शेवट जवळ आला होता. बेळगावात रेल्वे आली, मुरगावला जोडली गेली, आणि कापूस घाटवाटेनं वेंगुर्ल्याला नेण्याचं कारणच संपलं. वेंगुर्ल्याचा व्यापार त्यानंतर बसला तो बसलाच.

खापरपणजोबांना हे १८८६ मध्ये कळत होतं का? माझं मत, कळत होतं. गाडीवाल्यासारखी बातमी कुणाकडे नसते. मुक्कामाच्या जागी चार दिशांची माणसं एका विस्तवाभोवती बसतात. सर्व्हेवाले साहेब कुठं खुंट्या मारतायत, खडी कुठं फुटतेय, लाकूड कुठल्या रानातून निघतंय, सगळं त्यांना पेपरवाल्यांच्या आधी कळायचं. वेंगुर्ल्याची वाट बंद होणार हे दिसल्यावर दोन रस्ते होते. गावी परत जाऊन तीन भावांच्या वाटणीतल्या तुकड्यावर नांगर धरायचा, किंवा जिथं रेल्वे बांधतायत तिथं जाऊन तिचीच खडी, चुना, रुळांखालचे स्लीपर वाहायचे. हा गडी दुसऱ्या वाटेनं गेला, तेही तुकडा गहाण टाकून. आपला धंदा खाणाऱ्या गोष्टीलाच भाड्यानं गाडी लावायची, याला डोकं लागतं आणि थोडा निगरगट्टपणाही लागतो. इंजिन ड्रायव्हरपेक्षा मला हा माणूस जास्त आवडला.

तेव्हाचं लोंढा म्हणजे दाट रान, चार महिने थांबणार नाही असा पाऊस आणि हिवताप. कॅसलरॉकच्या घाटात काम करणारी माणसं तापानं पटापटा जायची. तिथं कुणी हौसेनं राहिलं नसणार.

बांधकाम संपल्यावरही ते परत गेले नाहीत, आणि याचं मला आधी कोडं पडलं होतं. उत्तर उद्यमबागेत बसूनच सुचलं. आमच्या शॉपमधून माल रेल्वेनं, ट्रकनं मद्रासला जातो, पण शॉपपासून गोडाऊनपर्यंत छोटा टेम्पोच लागतो. रेल्वेनं बैलगाडी मारली नाही, तिचा पल्ला तोडला. रानातून लाकूड स्टेशनपर्यंत आणायला, खेड्यातलं भात वॅगनपर्यंत पोचवायला गाडीच हवी होती. समुद्रापर्यंतची वाट गेली आणि स्टेशनपर्यंतची आली. त्यात दोन गाड्यांचं पोट भरत असणार.

मुद्दल मात्र फिटलं नाही. गहाणखताच्या मागे फेडीचा शेरा नाही आणि ती जमीन आजही सावकाराच्या वंशजांच्या नावे आहे. वर्षानुवर्षं आमच्यात म्हणत आले की धाकट्या भावानं थोरल्याची जमीन गिळली. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. हा कागद मी दोन्हीकडच्या भाऊबंदांना झेरॉक्स करून दिला. चंदगडकडच्यांनी लॅमिनेशन केलं. लोंढ्याकडच्यांपैकी एकानं विचारलं, ओरिजिनल आहे कशावरून?

मृत्यूची नोंद सापडली ती एका जुन्या गावदप्तरात. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही, कारण तिथल्या शिपायानं साहेबांना न विचारता गठ्ठा सोडून दिला. कसर लागलेली पानं, हात लावला की भुगा. सन १८९९, वय ४५, कारण ताप. वयाचा मेळ गहाणखताशी दोन वर्षांनी चुकतो, पण त्या काळात वय सांगणाऱ्याच्या अंदाजानंच लिहिलं जायचं. त्यांच्या बायकोचं नाव मला कुठल्याच कागदात मिळालं नाही. हेळव्याच्या वहीतही नाही. आत्या सांगायची की तिनं नवरा गेल्यावर एक गाडी विकली, दुसरीवर गडी ठेवून पोरं वाढवली, आणि थोरल्याला, म्हणजे माझ्या पणजोबांना, रेल्वेत गँगमन, म्हणजे रुळांची डागडुजी करणारा, म्हणून चिकटवला. आमच्या घरात रेल्वे आली ती अशी, १९०० च्या आगेमागे, फावडं आणि हातोडा घेऊन. आजोबा पुढे पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, झाले, तेव्हा कंपनीचं नाव मद्रास अँड सदर्न मराठा झालेलं होतं. बहुतेक त्यांनीच कधीतरी दोन पिढ्यांच्या दोन गाड्या एकत्र जोडल्या आणि आगगाडीचा ड्रायव्हर तयार केला. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या पोराला बाप गँगमन आणि आजा गाडीवान सांगण्यापेक्षा ते बरं वाटलं असेल.

यंदाच्या गौरी-गणपतीत सगळे जमले तेव्हा मी हे सांगितलं. पोरांना आवडलं. वडिलांच्या वयाच्या दोघांना अजिबात नाही. एक काका म्हणाले, "कागद काय, कुणीपण लिहितंय." त्यांची गोष्ट त्यांनी जेवताना परत सांगितली, इंजिनाच्या शिट्टीसकट.

माझं एक काम राहिलंय. गहाणखतावर दोन साक्षी आहेत. एक गावचाच, दुसऱ्यापुढे लोंढ्याचा मुकादम असं लिहिलंय. हा मुकादम कुठल्या ठेकेदाराचा, खापरपणजोबांच्या गाड्या त्याच्याकडेच होत्या का, भाडं रोजावर होतं की खेपेवर, हे ठेकेदारांच्या नाहीतर हुंडेकऱ्यांच्या, म्हणजे मालवाहतुकीचा ठेका घेणाऱ्यांच्या, वह्यांतच मिळेल. बेळगाव, शहापूर, सावंतवाडी, वेंगुर्ला या भागात कुणाच्या घरी हुंडेकरीच्या जुन्या वह्या माळ्यावर पडून असतील, अगदी फाटक्यासुद्धा, तर रद्दीत घालण्याआधी मला कळवा. मोडी असली तरी चालेल, वाचणारा आहे. १८८० ते ९० मधल्या असतील तर मी स्वतः येऊन बघेन आणि तिथंच बसून फोटो काढून घेईन, वही घरातून हलवायची गरज नाही.